अवजड यंत्रांच्या हालचालींचा हिशेब कोण ठेवणार?

गोव्यातील रस्त्यावर धावणाऱ्या साध्या दुचाकीलाही नंबरप्लेट, विमा आणि नोंदणीपुस्तक लागते. मात्र वीस टन वजनाचे आणि पन्नास-साठ लाख रुपयांच्या घरात किंमत असलेले साखळीचे पोकलेन एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेले, तर त्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होईलच असे नाही. पर्वरीतील उड्डाणमार्ग, महामार्गाचे रुंदीकरण, किनारी भागातील गृहप्रकल्प आणि लिलावानंतर पुन्हा हलू लागलेल्या खाणी यांमुळे राज्यात अवजड यंत्रांची वर्दळ वाढली आहे. त्यासोबत दोन तक्रारीही वाढत्या स्वरात ऐकू येतात. यंत्र किंवा त्याचे सुटे भाग चोरीस जातात, ही मालकांची तक्रार. रात्रीच्या अंधारात कोणाचे तरी यंत्र येऊन डोंगर कापून जाते, ही ग्रामस्थांची तक्रार. वरवर पाहता या दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ एकच आहे: यंत्र कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणाच्या परवानगीने चालते आहे, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

कायद्यातील पोकळी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘बांधकाम उपकरण वाहन’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे. रबरी टायरवर, रबरी पॅडवर किंवा पोलादी ड्रमच्या चाकांवर चालणारी यंत्रे तीत येतात. म्हणून टायरच्या जेसीबीची परिवहन खात्याकडे नोंदणी होते, त्याला क्रमांक मिळतो आणि रस्त्यावर आल्यास पोलीस त्याची कागदपत्रे मागू शकतात. साखळीवर चालणारे पोकलेन वा डोझर या व्याख्येत बसत नाही. ते रस्त्यावरून चालतच नाही, ट्रेलरवर चढून प्रवास करते, हा त्यामागचा तर्क. करआकारणीच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. खाणीच्या आवारातच वापरल्या जाणाऱ्या यंत्रांवर रस्ताकर लावावा काय, हा वाद १९७४ मध्ये ‘बोलानी ओअर्स’ खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. परंतु कर न लावणे आणि ओळखच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कराची सूट देताना ओळखही सुटली, आणि तिची भरपाई करणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही.

परिणामी अशा यंत्राची ओळख म्हणजे उत्पादकाने सांगाड्यावर ठोकलेला अनुक्रमांक, खरेदीचे बिल आणि कर्ज असल्यास वित्तसंस्थेची कागदपत्रे एवढीच. अनुक्रमांकाची पट्टी काढून टाकली, रंग बदलला आणि यंत्र राज्याच्या सीमेपलीकडे गेले, की ते शोधणे पोलिसांना अतिशय अवघड होते. दुचाकी चोरीस गेल्यास नाक्यावरचा हवालदार नंबर पडताळू शकतो. पोकलेनच्या बाबतीत पडताळायचे कशाशी, हाच प्रश्न उरतो.

चोरी कशी होते?

अवजड यंत्राची चोरी म्हटली की कुलूप तोडून यंत्र पळवणारी टोळी डोळ्यांसमोर येते. कुलूप तोडण्याची गरज पुष्कळदा पडतच नाही. एकाच कंपनीच्या एकाच श्रेणीतील अनेक यंत्रे एकाच नमुन्याच्या चावीने सुरू होतात आणि अशी चावी बाजारात सहज मिळते. ताफ्यातील कोणतेही यंत्र कोणत्याही चालकाला चालवता यावे, ही त्यामागची सोय. चोरालाही तीच उपयोगी पडते.

दुसरा मार्ग भाड्याचा. बनावट ओळखपत्र देऊन यंत्र भाड्याने घ्यायचे, पहिल्या काही दिवसांचे पैसे चोख द्यायचे आणि मग ट्रेलरवर चढवून परराज्यात विकून टाकायचे. येथे यंत्र मालकानेच स्वहस्ते दिलेले असल्याने प्रकरण चोरीचे, फसवणुकीचे की विश्वासघाताचे, यावरच पोलीस ठाण्यात पहिले काही दिवस खर्ची पडतात. तिसरा प्रकार आतल्या माणसाचा. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत, तर नोकराने मालकाच्या मालमत्तेची केलेल्या चोरीस सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा कडक असला तरी तो लागू होण्यासाठी यंत्र कोणत्या वेळी कोणाच्या ताब्यात होते, हे सिद्ध व्हावे लागते. चावी कोणाला दिली याची वहीच नसेल, तर सिद्ध काय करणार?

यांशिवाय बॅटरी, डिझेल, ब्रेकर, बकेटचे दात अशा वस्तूंची किरकोळ वाटणारी चोरी आहेच. पावसाळ्याचे चार महिने ती विशेष सोपी असते. जूनमध्ये माती उपसण्याची कामे थांबतात, चालक गावी जातात आणि यंत्रे माळरानावर किंवा रस्त्याकडेला उभी राहतात. झोडपणाऱ्या पावसात तिकडे फिरकणारेही कोणी नसते.

याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. मोठ्या कंत्राटदाराकडे विमा, पहारेकरी आणि वकील असतात. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या पट्ट्यातील एक-दोन यंत्रे बाळगणाऱ्या छोट्या मालकाचे तसे नाही. २०१२ मधील खाणबंदी आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यानंतरची टाळेबंदी, असे दोन तडाखे या पट्ट्याने सोसले. त्यातून सावरताना अनेकांनी पुन्हा कर्ज काढून यंत्रे घेतली. यंत्र गेले तरी हप्ता थांबत नाही. विम्याच्या दाव्यात तर मालकाने वाजवी काळजी घेतली होती काय, हा प्रश्न आधी विचारला जातो.

‘माझ्या नकळत नेले’

डोंगरकापणीचा प्रश्न येथे जोडला जातो. नगर आणि ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार परवानगीविना डोंगर कापणे आणि सखल जमीन बुजवणे यांस मनाई आहे. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो बळी गेल्यानंतर गोव्यातही या विषयाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. तरीही रात्री, सुट्टीच्या दिवशी किंवा सणासुदीला चालणारी कापणी थांबलेली नाही. भरारी पथक पोहोचेपर्यंत यंत्र निघून गेलेले असते. सापडलेच, तर मालकाचे ठरलेले उत्तर असते: चालकाने माझ्या नकळत नेले.

हे उत्तर काही वेळा खरेही असते. पगार थकलेला चालक रात्री दोन-चार तासांचे खासगी काम करून चार पैसे मिळवतो. डिझेल मालकाचे जळते, गुन्हाही मालकाच्या यंत्रावर नोंदला जातो. पण अनेकदा ते केवळ कातडी वाचवण्यासाठी असते. खरे कोणते आणि सोयीचे कोणते, हे आज ठरवता येत नाही. यंत्रात स्थानदर्शक उपकरण असेल आणि ठरल्या वेळेबाहेर यंत्र सुरू झाल्याचा इशारा मालकाच्या मोबाईलवर गेल्याची नोंद असेल, तर त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. त्याने तत्काळ ११२ वर कळवून आपण निर्दोष असल्याचे दाखवावे किंवा संमतीची जबाबदारी घ्यावी. म्हणजेच चोरीपासून संरक्षण देणारी नोंद बेकायदा कामाचा पुरावाही ठरते. सर्वच मालक या उपकरणांसाठी उत्सुक का नसतात, याचे एक कारण यात दडलेले आहे.

जप्तीचेही तेच. जप्त वाहने पोलीस ठाण्यांत वर्षानुवर्षे गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र बंधपत्रावर सुटलेले यंत्र पुन्हा कोठे गेले, यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था नसेल, तर तेच यंत्र महिन्याभरात दुसऱ्या टेकडीवर उभे राहू शकते.

ट्रेलर हाच नाका

सुदैवाने साखळीच्या यंत्राला एक मर्यादा आहे. लांबचा पल्ला गाठायचा तर त्याला ट्रेलर लागतो आणि ट्रेलरला नंबरप्लेट असते. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले आणि पोळे ही गोव्यातून बाहेर पडण्याची प्रमुख ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार आंतरराज्य वाहतुकीत पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल लागते. विक्री नसली, तरी यंत्र हलवण्याचे कारण नोंदवावे लागते. याच बिलात यंत्राचा अनुक्रमांक लिहिणे सक्तीचे केले आणि नाक्यावर तो प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहिला, तर चोरीचा माल सीमेपार नेणे पुष्कळ कठीण होईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

परदेशातील अनुभव असाच आहे. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘सीझर’ नावाची नोंदणी योजना चालते. तीत यंत्रावर ठळक क्रमांकाची पट्टी आणि आत लपवलेल्या सूक्ष्म खुणा असतात. पोलीस कोणत्याही वेळी मालकाची खातरजमा करू शकतात. योजना उद्योगाच्या पुढाकाराने वाढली. पुढे २०२३ मध्ये तेथे उपकरणचोरी प्रतिबंधक कायदा झाला. त्यात प्रथम शेतावरच्या चारचाकी बाईकसारख्या वाहनांवर भर असून इतर उपकरणांपर्यंत व्याप्ती वाढवण्याची मुभा आहे. गोव्यासारख्या लहान राज्याला अशी नोंदवही उभारणे तुलनेने सोपे आहे.

करता येण्याजोगे

मालकांच्या हातातील उपाय स्वस्त आहेत. बॅटरीचा छुपा खटका, इंजिन रोखणारे उपकरण, चावीची वही, तासमापकाच्या आकड्याशी डिझेलचा रोजचा मेळ, रात्री यंत्रे एकमेकांना अडवून उभी करणे आणि बकेट जमिनीवर टेकवून ठेवणे, यांतील बहुतेक गोष्टींना शिस्तीपलीकडे फारसे काही लागत नाही. स्थानदर्शक बसवताना एक उघड आणि एक लपवलेला, स्वतंत्र बॅटरीचा, असे दोन बसवणे शहाणपणाचे. पहिला काढून टाकणे चोरालाही ठाऊक असते. भाडेकरारात कामाची जागा, वेळ आणि आवश्यक तेथे डोंगरकापणीच्या परवान्याचा क्रमांक लिहिलाच पाहिजे.

सरकारने साखळीच्या यंत्रांसह सर्व माती उपसणाऱ्या यंत्रांची जिल्हानिहाय नोंदवही सुरू करावी, दुरून वाचता येईल असा क्रमांक द्यावा आणि स्थानदर्शकाची सक्ती टप्प्याटप्प्याने आणावी. छोट्या मालकांवर भार पडू नये म्हणून उपकरणाच्या खर्चात सवलत द्यावी. माहिती कोण पाहू शकेल हेही नियमात स्पष्ट असावे; व्यावसायिक स्पर्धकाला किंवा स्थानिक पुढाऱ्याला ती मिळता कामा नये. पोलीस आणि नगरनियोजन खाते यांना ती गुन्हा वा तक्रार नोंदवल्यानंतरच मिळावी. खनिज वाहतुकीवर लक्ष ठेवण्याचा अनुभव खाण खात्याकडे आहे. त्याचा उपयोग या कामी होऊ शकतो.

यातले पहिले पाऊल नोंदवहीचे आहे. राज्यात नेमकी किती यंत्रे आहेत, हेच ठाऊक नसताना दंड कितीही वाढवला तरी तो वसूल करण्यासाठी आधी मालक सापडावा लागतो. पावसाळ्यात कामे थंडावतात आणि यंत्रे एका जागी उभी असतात. मोजणी करून क्रमांक देण्यास तोच काळ सर्वांत सोयीचा आहे.