दिवाणखान्यातील बंदूक

जुन्या वस्तूंचा संग्रह हा निरुपद्रवी छंद आहे, असा सर्वसाधारण समज आहे. दिवे, नाणी, अडकित्ते यांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु संग्रहात भर घालावयाची वस्तू जेव्हा बंदूक असते, तेव्हा हा समज तपासून घेणे भाग पडते; आणि ताथवड्यासारख्या गावाच्या संदर्भात तर ते अगत्याचेच ठरते.

2009 मध्ये ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत सामील झाले. शेते गेली, मनोरे उभे राहिले. जमिनीच्या पैशातून ‘गुंठामंत्री’ निपजले, आणि मनोऱ्यांच्या वरच्या मजल्यांवर औद्योगिक पट्ट्यातील नफ्यावर पोसलेला सुखवस्तू वर्ग राहावयास आला. नव्या सुबत्तेला प्रतिष्ठेची चिन्हे हवी असतात. गुंठामंत्र्याला कमरेचे पिस्तूल पुरते. स्वतःला अभिरुचिसंपन्न म्हणविणाऱ्याला मात्र जुनी परदेशी बंदूक लागते.

समजा, अशा एखाद्या गृहस्थाला आपल्या संग्रहासाठी जुनी पंप-ॲक्शन बंदूक निवडावयाची आहे. नळीखालची मूठ मागेपुढे सरकवली की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे आत चढते, अशी ही रचना. त्याच्यापुढे ब्राउनिंगने आखलेले, उघड्या घोड्याचे विंचेस्टर 1897 असते; घोडा आत दडविलेले विंचेस्टर 1912 असते; 1950 मध्ये बाजारात आलेले रेमिंग्टन 870 असते. मूळ झिलई टिकली आहे काय, दस्ता बदलला आहे काय, नळी किती इंची आहे, हे सारे तो बारकाईने पाहील. एकच प्रश्न तो विचारणार नाही : ही बंदूक कोणासाठी घडविली गेली आणि कोणावर रोखली गेली?

लांब नळीची बंदूक पाखरे टिपण्यासाठी विकली जाई, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच 1897 च्या नमुन्याची 20 इंची नळीची आवृत्ती ‘रायट गन’ या नावाने पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी काढण्यात आली. पहिल्या महायुद्धात ती खंदकांत उतरली. तिच्यामुळे अनावश्यक यातना होतात, असा निषेध जर्मनीने 1918 मध्ये नोंदविला. पण ‘रायट’ म्हणजे दंगल कोणाची? 1892 मध्ये होमस्टेड येथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्यातील कामगारांवर भाडोत्री पिंकर्टन पहारेकरी रायफली घेऊन चालून गेले. 30 मे 1937 रोजी शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या व दहा जण मारले गेले. 1936 मध्ये नेमलेल्या सेनेटच्या ला फॉलेट समितीने तर, कामगारांशी सामना करण्यासाठी कंपन्या शस्त्रे व अश्रुधूर यांचे साठे कसे करीत होत्या, हे पुराव्यानिशी चव्हाट्यावर मांडले. ‘दंगल’ हा शब्द मालकांच्या कोशातला होता. या अर्थाशी संग्राहकाला देणेघेणे नसते. त्याला फक्त झिलई हवी असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी भारतीयांना निःशस्त्र केले. 1931 मध्ये काँग्रेसने कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला. मग आज समाजवाद्यांनी त्याला विरोध का करावा? उत्तर सरळ आहे. ती मागणी समतेची होती. गोऱ्याला सूट आणि काळ्याला बंदी, या भेदाविरुद्ध ती होती. मनोऱ्यातील गृहस्थाची कपाटे भरावीत म्हणून ती नव्हती.

आजच्या व्यवस्थेतला भेद पाहा. 1959 च्या कायद्याने संरक्षण व खेळ यांसाठी किमान 20 इंची नळीच्या बंदुकीचा, तर पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना ठेवला. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे योग्यच झाले. परंतु लगेच फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृहखात्याने ‘दुर्मीळ वस्तू’ म्हणून गणलेल्या लहान शस्त्रांना, जवळ बाळगण्यापुरती, परवान्यातून सूट दिली. वापर व वाहतूक यांसाठी परवाना लागतो, हे खरे. पण पीक राखणारा कास्तकार परवान्यासाठी अर्ज करीत राहतो आणि हौस पुरविणारा संग्राहक मोकळा सुटतो, हेही तितकेच खरे.

आणि काडतुसे घडविणाऱ्यांचे काय? ताथवड्याहून फार दूर नसलेल्या खडकीत 1869 पासून दारूगोळा कारखाना आहे. 2021 मध्ये आयुध कारखान्यांचे महामंडळीकरण झाले. कामगारांनी त्याविरुद्ध संपाचा इरादा जाहीर करताच सरकारने अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा एक वर्षाच्या मुदतीचा कायदा केला. संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने त्यातून हाती घेतला. शौकिनाच्या हाती शस्त्र देताना न कचरणारे राज्य, शस्त्र घडविणाऱ्याच्या हाती संप देताना मात्र थरथरते!

मग जुनी शस्त्रे वितळवून टाकावीत काय? मुळीच नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते आणि शस्त्रेही जमविली, आणि तो सारा संग्रह 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रह लोकांचा झाला, तेव्हाच तो इतिहास झाला. बंद कपाटात तो केवळ मालमत्ता असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. दोन बंदुकांच्या मर्यादेला ‘दुर्मीळ वस्तू’च्या नावाने भगदाड पडू देऊ नये; परवान्याविना ठेवलेली अशी प्रत्येक बंदूक नोंदवून कायमची निकामी केली जावी. आणि पिंपरी-चिंचवडच्या श्रमजीवींनी घडविलेल्या या नगरीत श्रमाच्या इतिहासाचे सार्वजनिक संग्रहालय उभे राहावे. ‘रायट गन’ तेथे अवश्य ठेवावी. मात्र तिच्याखाली किंमत लिहू नये. ती कोणावर रोखली गेली, ते लिहावे.