टाकळा ओळखायचा तर शेंग येईपर्यंत थांबा

पाऊस सुरू झाला की आपल्या माणगावच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या येतात. शाळेत रानभाज्यांचं प्रदर्शन भरतं. कागदी ताटलीत जुडी आणि पुढे नावाची चिठ्ठी! माझं स्पष्ट मत आहे, एवढ्याने मुलं वनस्पती ओळखायला शिकत नाहीत. ताटलीतल्या जुडीला ना फूल असतं, ना शेंग, ना ती कशी वाढते याचा पत्ता.

टाकळ्याचंच घ्या ना. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा रस्त्याकडेला उगवतो. काही जण त्याला रानटाकळाच म्हणतात, म्हणजे नावातच घोटाळा. दोघांचीही फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. त्यामुळे वहीत नुसतं 'पिवळं फूल' लिहून काही उपयोग नाही. फूल कुठे आणि कसं लागलंय ते बघायला सांगा. टाकळ्याची फुलं पानाच्या बगलेत, बहुधा जोडीने. कासविंद्याची छोट्या घोसात. टाकळा गुडघ्या-कमरेएवढा, दाटीने पसरलेला. कासविंदा झुडपासारखा, माणसाच्या उंचीएवढाही होतो. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर; कासविंद्यात बहुधा चार-पाच, टोकं निमुळती. शेंगा आल्या की शंकाच नको : टाकळ्याची बारीक, लांब, वाकडी; कासविंद्याची चपटी, फिकट कडांची, मधे तपकिरी पट्टा.

एवढा काथ्याकूट कशासाठी? पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरला की लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावत होती. बराच काळ तो विषाणूचा मेंदूज्वर समजला गेला. २००७ साली तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की हे कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याने झालेलं विष होतं.

अडचण अशी, की भाजी खुडतात पावसाच्या सुरुवातीला आणि फूल-शेंग येते पावसाळ्याच्या शेवटी. म्हणून जूनमध्येच कुंपणाजवळच्या दोन्ही रोपांपाशी काठी रोवून चिंधी बांधा. श्रमदानात तो कोपरा तेवढा साफ करू नका. दर पंधरवड्याला मुलांना तिथे नेऊन त्याच रोपाचं चित्र काढून घ्या. मोबाइलवरच्या अ‍ॅपला एका पानाचा फोटो पुरतो, मुलांना पुरू देऊ नका. जवळच्या कातकरी वाडीवरच्या एखाद्या आजीला बोलवा, मानधन देऊन बरं का! तोंडात काही घालायचं नाही हे मुलांना दरवेळी बजावा. आणि शेवटचं चित्र झालं, की शेंगा वाळायच्या आत कासविंदा तुम्ही स्वतः उपटून टाका.