फासळ्या चाचपून बसा



परवा मामांचा फोन आला. "केदारनाथला निघालोय, दार उघडेल त्याच आठवड्यात. तू त्या बाजूला पोस्टिंगला होतास ना? एखादा चांगला घोडेवाला गाठून दे." मी म्हणालो, "मामा, सुरुवातीच्या दिवसांत घोड्यावर बसू नका. चालवत नसेल तर भाऊबीजेला दार बंद होण्याआधी, ऑक्टोबरात जा." मामा चिडले. देवाच्या वाटेत आडवा येतोस म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना जे ऐकायचं नव्हतं ते इथे लिहितो. तुमच्यापैकीही बरेच जण यंदा निघाला असाल.

मी अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्टचा माणूस. सतरा वर्षं खेचरांना खरारा केला, तोबरे बांधले, लीद उपसली. शेवटची पोस्टिंग गढवालात होती. केदारनाथच्या दाराची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते. आपल्याला ती वाचून आनंद होतो, तिथल्या घोडेवाल्याच्या पोटात मात्र गोळा येतो. त्याच्या दारात चार महिने गव्हाच्या भुश्शावर काढलेलं जनावर उभं असतं आणि हातात जेमतेम दोन महिने असतात.

असेच एक भैजी महाशिवरात्रीनंतर आठवडाभरात आपली घोडी घेऊन आमच्याकडे आले. मला ते भुला म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. म्हणाले, "भुला, लांबून बरी दिसते, पण चढावर दम टाकते." लांबून बरी दिसणारच. हिवाळ्याची लव इतकी दाट असते की खाली नुसता सांगाडा असला तरी झाकला जातो. म्हणून डोळ्यांवर जाऊ नये, हात लावावा. मी तळवा फिरवला तर एकेक फासळी वेगळी लागली, पाठीचा कणा धारेसारखा. छातीचा घेर १४२ सेंटीमीटर, लांबी १३०. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि ११,९०० ने भागायचं, की किलोतलं वजन अंदाजाने कळतं. २२० किलो आलं.

भैजींनी हरभऱ्याचं पोतं आणि गूळ आणूनच ठेवला होता. "दुप्पट चारतो, महिन्यात भरेल."

इथेच माझं डोकं फिरतं. ही समजूत आपल्या गावातही आहे, फौजेतही होती आणि माझ्या स्वतःच्या डोक्यातही होती. नवा असताना बर्फातल्या चौकीवरून उतरलेल्या एका हडकुळ्या खेचराला मी प्रेमापोटी चोरून दाणा वाढवला. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल. रात्री पोट फुगलं. लोळू नये म्हणून पहाटेपर्यंत चालवत राहिलो. डॉक्टरसाहेब पोहोचले तेव्हा ते आडवं पडलं होतं. त्याचा नंबर मला अजून पाठ आहे.

घोड्याचं पोट दाण्यासाठी घडलेलंच नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात गवत आंबतं आणि त्यातून ताकदही मिळते, ऊबही. दाणा एकदम वाढला तर तो न पचताच तिथे जातो, आम्ल वाढतं, मग पोटशूळ तरी होतो नाहीतर खूर तापून जनावर लंगडं तरी होतं. पार उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर दाणा दिला तर रक्तातले क्षार कोसळून ते काही दिवसांत मरूही शकतं. म्हणजे भुकेने नाही, तर खाण्याने.

मग केलं काय? आधी तोंड उघडून बघितलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, गवताचे अर्धवट चावलेले बोळे ती खाली टाकत होती. अशा तोंडात बदाम घातले तरी काय उपयोग! दाढा कानशीने घासून घेतल्या, डॉक्टरांना विचारून जंताचं औषध दिलं. पाणी कोमट, कारण बर्फगार पाणी जनावर कमी पितं आणि लीद अडकते. आणि गवत. दिवसाला पाच किलो, चार-पाच वेळा विभागून, त्यात थोडं वाळवलेलं बरसीम, समोर मिठाचा खडा. भिजवलेले जव तिसऱ्या आठवड्यापासून, तेही मूठमूठ वाढवत. भैजी रोज वैतागायचे, "घास ही घास!"

दार उघडलं तेव्हा नऊ आठवडे झाले होते. घेर १४७, वजन २३६. सोळा किलो. सगळं नीट करून, रोज हात लावून, सोळा किलो! याहून घाई करणारा माणूस जनावर भरत नाही, मारतो.

आता हिशेब करा. गौरीकुंड ते केदारनाथ साधारण सोळा किलोमीटर, चढ सोळाशे मीटरचा. भारवाही जनावरांच्या १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवरची मर्यादा ७० किलो आहे. आमचे मामा ८४. वर खोगीर, स्वेटर आणि फराळाची पिशवी. पहाटे एक फेरी झाली की दुपारी दुसरी, कारण खाली रांग लागलेली असते.

"पहाडी जनावर काटक असतं" हे मला ऐकवू नका. काटक म्हणजे कमी कुरकुर करणारं, एवढाच त्याचा अर्थ. भीमथडी तट्टांच्या गोष्टी सांगताना आपली छाती फुगते, मग वाटेत बसलेल्या तट्टाला काठी बसताना मोबाईल कशाला काढतो? घोडेवाल्याला शिव्या घालणंही सोपं आहे. वर्षाची कमाई सहा महिन्यांत करायची, घोड्यावरचं कर्ज फेडायचं, आणि गवतही विकतच घ्यायचं. हिवाळ्यात त्याला वाळलं गवत मिळालं तर वसंतात ही वेळच येणार नाही. यात्रेच्या नोंदणीला जनावराच्या फासळीवर एक हात ठेवायला किती वेळ लागतो? तो ठेवला जात नसेल तर बसणाऱ्याने ठेवावा. बोटांना फासळ्या मोजता आल्या तर उतरावं आणि दुसरं जनावर बघावं.

भैजींनी पहिले पाच आठवडे घोडी वर नेली नाही. कमाई बुडाली, घरात भांडण झालं, तेही मला ऐकावं लागलं. जूनमध्ये तिला हलकं सामान वाहायला लावलं, माणूस नाही. माझी बदली निघाली त्या दिवशी टेप घेऊन ते स्वतःच तिचा घेर मोजत होते. १४९ भरला.

मामांना आज पुन्हा फोन लावणार आहे.