दळलं म्हणजे संपलं?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जालन्याच्या घरी नवं किचन केलं, तेव्हा सिंकखाली कचरा दळायचं मशीन बसवायचा हट्ट माझाच होता. (हो हो, घरातला शहाणा इंजिनीअर तो मीच!) ऑनसाइटला असताना वापरलं होतं ना. बटण दाबलं, घर्रर्र झालं, खरकटं गायब. आई म्हणाली, "अरे, मोसंबीच्या साली मोरीत घालायच्या?" मी हसलो.

पुढच्या जूनमध्ये मोरी तुंबली. टँक उपसायला आलेल्या माणसाने झाकण काढून बांबूने चाचपून पाहिलं. "लई घट्ट झालंय साहेब. पाइप ओढत नाही. उतरावं लागंल." आणि तो चक्क शर्ट काढायला लागला. बाबा ओरडले म्हणून थांबला. शेवटी विकतच्या टँकरचं पाणी ओतून, वरूनच ढवळून, गाडीच्या दोन खेपांत ते निघालं. त्या दिवसापासून या मशीनबद्दल माझं मत बदललंय, आणि आता ते तुम्हालाही ऐकावं लागणार!

मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले. फाईलचे हजार तुकडे केले म्हणून तिची साइज कमी होते का? नाही ना? मग एक किलो कचरा दळून खाली सोडला तर खाली किती जातो? एक किलोच. वर दळताना नळ सोडावा लागतो, ते पाणी वेगळं. ज्या गावाने 2013 चा उन्हाळा टँकरवर काढला, तिथे साली वाहून न्यायला पिण्याचं पाणी!

सेप्टिक टँक म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. जड ते तळाला बसून गाळ होतो, तेलतूप वर सायीसारखं तरंगतं आणि मधलं पाणी बाहेर पडतं. गाळ हळूहळू कुजतो, पण संपत नाही, म्हणूनच दोन-तीन वर्षांनी टँक उपसायचा असतो. मैल्यावर निदान आपल्या पोटाने आधी काम केलेलं असतं. चहाचा चोथा, कांद्याची सालं, भाजीची देठं मात्र कच्चीच खाली जातात. गाळ लवकर भरतो. बारीक कण तर खाली बसतच नाहीत, पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन त्याची भोकं बुजवतात. आमच्याकडची काळी माती आधीच पाणी लवकर पीत नाही. आणि शोषखड्डाच नसेल तर? मग थेट उघड्या गटारात.

"पण अमेरिकेत तर सगळे वापरतात!" हे मला ऐकवू नका, मीच ऐकवायचो. हे मशीन 1927 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने शोधलं. पण खुद्द न्यूयॉर्कने शहराच्या बऱ्याच भागात 1997 पर्यंत त्याला बंदी घातली होती. आणि तिथेही ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांना सल्ला हाच मिळतो, की वापरू नका, वापरलंच तर टँक मोठा घ्या आणि वारंवार उपसा. गटार पक्कं असेल आणि शेवटी गाळापासून गॅस करणारा प्लँट असेल, तिथे हे मशीन कदाचित शोभेलही. माझी तक्रार टँकवाल्या घरांपुरती आहे. अशा घरात हे मशीन म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक. एरर दिसत नाही, एवढंच.

दिसते ती टँक उपसणाऱ्याला. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरवलाय. अशा मृत्यूसाठी सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये दहा लाख रुपये भरपाई सांगितली, 2023 मध्ये ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली यातच काय ते समजा. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणूस बेसावध उतरतो तो असा. गाळ जितका घट्ट आणि जितक्या लवकर भरेल, तितक्या वेळा कुणीतरी झाकणापाशी शर्ट काढायला लागणार. माझ्या घरी ती वेळ माझ्या बटणाने आणली होती.

आणि हे सगळं कशासाठी? ओल्या कचऱ्याची बादली दिसू नये म्हणून! ओला-सुका वेगळा करणं 2016 च्या नियमांनी सक्तीचं केलं. तो घंटागाडीत द्यायला दोन मिनिटं लागतात. अंगण असेल तर एक खड्डा किंवा भोकं पाडलेला जुना ड्रम पुरे, थोडा पालापाचोळा टाकत राहायचं. आमच्या आईला हे कुठल्याही इंजिनीअरने शिकवलं नव्हतं.

तेव्हा गावाकडच्या घरी आईबाबांना हे 'गिफ्ट' द्यायचा विचार असेल तर आधी तीन गोष्टी विचारा. सिंकचा पाइप कुठे जातो? टँक शेवटचा कधी उपसला? आणि कुणी, कसा? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कार्ड खिशात ठेवा.

असो. आमचं मशीन काढून ठेवलंय. कुणाला फुकट हवं असेल तरी देणार नाही.