विश्लेषण : वेगाची हौस ट्रॅकवर भागवायची, तर घरची गाडी तयार कशी करावी?

समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हापासून जिल्ह्यातील तरुणांना रुंद, सरळ आणि सिग्नल नसलेला रस्ता घराजवळ मिळाला. त्याबरोबर एक मोहही आला, गाडी ‘किती पळते’ ते पाहण्याचा. या मोहाला सुरक्षित वाट आहे, तिला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. पण तिथे जाण्यासाठी गाडीत काय बदल करावे लागतात, याबाबत मोठा गैरसमज आहे. गाडी जास्त पळवण्याआधी ती वारंवार आणि खात्रीने थांबली पाहिजे. ट्रॅकसाठीच्या तयारीचा खरा अर्थ एवढाच आहे.

हौस समृद्धीवर का नको?

समृद्धीची रचना ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आहे, तरी कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. रचनेचा वेग म्हणजे चालकाला दिलेली परवानगी नव्हे. ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने, साधारण एकाच तयारीने धावतात. महामार्गावर मात्र पुढे कमी वेगाचा ट्रक असतो, कडेला बंद पडलेले वाहन असते, कधी जनावर आडवे येते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचा दावा सुरुवातीला झाला, परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासात मात्र त्याचा पुरावा मिळाला नाही. ती बस होती, हौशी चालकाची कार नव्हती. तरीही वेगवान रस्त्यावर एका क्षणाच्या चुकीची किंमत काय असते, हे त्या रात्रीने जिल्ह्याला दाखवले.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ट्रॅक डे म्हणजे नेमके काय?

ट्रॅक डे ही शर्यत नाही. शुल्क भरून आपली रोजची गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवायची, एवढाच हा कार्यक्रम असतो. चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात. प्रत्येक गटाला साधारण १५ ते २० मिनिटे मिळतात. ओव्हरटेक कुठे करायचे हे ठरलेले असते आणि पुढच्या चालकाने हात दाखवल्याशिवाय बहुधा ते करता येत नाही. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल झेंडा म्हणजे फेरी थांबवून परत यायचे. सकाळची सूचना-बैठक चुकवणाऱ्याला ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

बुलढाण्याहून ट्रॅक किती दूर?

बराच दूर. ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे. २०११ ते २०१३ दरम्यान तिथे फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथे आणि कोइम्बतूरला कारी स्पीडवे हे जुने, नावाजलेले ट्रॅक आहेत. बुलढाण्याहून यातील प्रत्येक ठिकाण हजार किलोमीटरच्या पुढे आहे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. अंतराने तो जवळचा असला तरी मुळात वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी उभारलेला आहे.

या अंतरातूनच तयारीचा पहिला नियम निघतो. ज्या गाडीने ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या, त्याच गाडीने हजार किलोमीटर घरी यायचे आहे. म्हणून टायर आणि ब्रेक पॅड ट्रॅकवर संपवून चालत नाही. परतीसाठी शिल्लक ठेवावी लागते.

सर्वात आधी ब्रेक का?

साधे गणित पाहू. १,१०० किलो वजनाची कार ताशी ६० वरून थांबते तेव्हा ब्रेकला सुमारे १५३ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. वेग १२० असेल तर हा आकडा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सुमारे ६११ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटरहून अधिक साधे पाणी उकळू लागेल. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणाआधी लागतो आणि मध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. प्रमाणानुसार डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे नवे ऑइल भरून ब्रेकमधील हवा काढून घेणे, हा सर्वात स्वस्त आणि सर्वात मोलाचा खर्च आहे.

ब्रेक पॅड निम्म्याहून अधिक झिजले असतील तर बदलून जावे. डिस्कला तडे आहेत का, ते पाहावे. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू चालवून सर्व भाग थंड होऊ द्यावेत. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक लगेच ओढू नये, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी.

टायरचे काय पाहावे?

कारच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. खाचांमधील उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की टायर संपला. ट्रॅकसाठी मात्र ही मर्यादा पुरेशी नाही, नक्षी भरपूर शिल्लक हवी. बाजूवरील चार आकडी खूणही वाचावी. ‘२३२३’ म्हणजे २०२३ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत पण रबर कडक आणि तडे गेलेला जुना टायर ट्रॅकवर धोक्याचा असतो.

वेगाचे अक्षरही महत्त्वाचे. ‘टी’ म्हणजे ताशी १९०, ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत. सुरुवात कंपनीने सांगितलेल्या दाबाने करावी. फेऱ्यांनंतर हवा तापून दाब वाढतो, म्हणून प्रत्येक सत्रानंतर मीटरने तपासावे. मात्र परतीच्या प्रवासाआधी टायर थंड असताना दाब पुन्हा मूळ आकड्यावर आणायला विसरू नये.

बाकी गाडीत काय करावे?

- चाकांचे नट टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत आणि दुपारी पुन्हा तपासावेत.
- इंजिन ऑइल आणि कूलंट पूर्ण पातळीवर असावे. गळती असलेली गाडी नेऊच नये, कारण ट्रॅकवर सांडलेले ऑइल मागून येणाऱ्याचा जीव घेऊ शकते.
- बॅटरीची पट्टी घट्ट हवी.
- डिक्की, दारांचे कप्पे आणि सीटखालची जागा रिकामी करावी. पाण्याची बाटली पॅडलखाली गेली की ब्रेक दाबता येत नाही. चालकाच्या पायाखालचे सुटे मॅटही काढावे.
- ओढून नेण्याचा हुक, टायर मीटर आणि अग्निशामक नळकांडे जवळ असावे.
- पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, सुती कपडे, पातळ तळाचे बंद बूट. चप्पल नाही.
- घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गाडीत असेल तर ती चालूच ठेवावी.

मग इंजिनची ताकद वाढवायची नाही का?

पहिली काही वर्षे अजिबात नाही. रिमॅप, मोठा सायलेन्सर, गाडी खाली बसवणारे स्प्रिंग यांवर पैसे घालवण्याची घाई गॅरेजमध्ये दिसते, कारण त्याचा आवाज येतो आणि फोटो निघतो. नव्या ब्रेक ऑइलचा फोटो निघत नाही. शिवाय ट्रॅकसाठी बदललेली गाडी रस्त्यावरूनच घरी येते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्रेक ऑइल, त्याच मापाचे चांगले पॅड आणि टायर यांत हा प्रश्न येत नाही.

विम्याचे काय?

खासगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो. त्यात आयोजित शर्यत, वेगचाचणी यांसारखा वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे शर्यत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण तो गाडी धडकल्यानंतर करण्यात अर्थ नाही. विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्यावे. उत्तर नकारार्थी असेल, तर गाडीचे पूर्ण नुकसान स्वतः सोसण्याची तयारी आहे का, हा प्रश्न घरच्यांसमोर मांडावा. हप्ते फिटायचे असलेली, घरातील एकमेव गाडी ट्रॅकवर नेणे शहाणपणाचे नाही.

ट्रॅकवर जायचेच नसेल, तर याचा उपयोग काय?

एमएच २८ पासिंगच्या बहुतेक गाड्या कधीच ट्रॅक पाहणार नाहीत. हजार किलोमीटरचा प्रवास, शुल्क, टायर आणि मुक्काम हा खर्च सगळ्यांना परवडणाराही नाही. पण ब्रेक ऑइल, टायरचे वय, योग्य दाब, आवळलेले नट आणि रिकामी पायाखालची जागा ही यादी मेहकरहून मुंबईला निघालेल्या कुटुंबाला तितकीच लागू पडते. मे महिन्याच्या उन्हात सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास १२० चा वेग हीदेखील टायरची परीक्षाच असते.

जबाबदारी प्रशासनाचीही आहे. समृद्धीवर टायर तपासणी, समुपदेशन आणि दंड यांची मोहीम राबवली गेली, ती आवश्यकच होती. पण तरुणाला फक्त ‘हळू चालव’ सांगून भागत नाही. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबल्यावर एबीएसचे पॅडल पायाखाली थरथरते, हे अनेक परवानाधारक चालकांना अपघाताच्या क्षणीच पहिल्यांदा कळते आणि ते घाबरून पाय उचलतात. वाहन परवान्याच्या चाचणीत ‘आठ’ काढता येतो, आणीबाणीचा ब्रेक मारता येत नाही, ही उणीव दूर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म्युला वनचा ट्रॅक लागत नाही. एक बंदिस्त मोकळे पटांगण, काही प्लॅस्टिकचे कोन आणि एक जाणकार प्रशिक्षक पुरेसा आहे. विदर्भात वेगवान रस्ता आधी आला. त्यावर थांबायला शिकवणारी जागा आता तरी यायला हवी.