रिमॅप सॉफ्टवेअरचा, ताण पिस्टनवर




समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला रस्ता दाराशी मिळाला. असा रस्ता समोर असला की टर्बो गाडीच्या मालकाला रिमॅपचा मोह पडतोच. ‘इंजिन उघडायचं नाही, फक्त सॉफ्टवेअर बदलायचं, कंपनीनं ताकद दाबून ठेवलेली असते,’ असे त्याला सांगितले जाते.

हे सांगणे अर्धवट आहे, आणि धोका त्या अर्धवटपणातच आहे.

मारुतीच्या स्विफ्टमधले १.३ लिटरचे डिझेल इंजिन ७५ अश्वशक्तीचे होते आणि एसएक्स४ मध्ये तेच ९० चे झाले, हा दाखला नेहमी दिला जातो. पण ९० साठी कंपनीने टर्बोच बदलला होता; तो व्हेरिएबल जॉमेट्रीचा होता. महिंद्राने २०१७ मध्ये स्कॉर्पिओची ताकद १२० वरून १४० वर नेली, तेव्हा सोबत सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स दिला. लॅपटॉप जोडून तासाभरात केलेल्या रिमॅपमध्ये मात्र हवेचा दाब आणि डिझेल वाढते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट, क्लच प्लेट जुनेच राहतात.

या सुट्या भागांत थोडी जास्तीची ताकद राखलेली असते, हे खरे. हलक्या हाताने रिमॅप केलेल्या काही गाड्या वर्षानुवर्षे नीट चालतात, हेही नाकारता येत नाही. पण ती राखीव ताकद कशासाठी असते? मे महिन्यातल्या विदर्भातल्या ४४ अंशांच्या उन्हासाठी, उशिरा बदललेल्या ऑइलसाठी, लग्नाला निघालेल्या सात माणसांसाठी आणि त्यांच्या सामानासाठी. ती पिकअपवर आधीच खर्च केली, तर अशा दिवशी इंजिनाकडे शिल्लक काय उरणार?

त्यात समृद्धीची आणखी भर. वेग ८० वरून १२० वर गेला की हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद सव्वातीन पटींहून अधिक होते, आणि तीही थोडा वेळ नव्हे, तर तासन्‌तास. गावात ओव्हरटेक करताना दहा सेकंद सोसलेला ताण आणि इथला ताण यांत मोठा फरक आहे. जास्तीच्या डिझेलने धुराचे तापमान चढते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. आजच्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या खालच्या बाजूवर ऑइलची धार मारून तो थंड ठेवावा लागतो, तो याचसाठी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. पल्ला मारून आल्याबरोबर इंजिन बंद केले, तर तापलेल्या टर्बोतच ऑइल करपते.

राजूर घाटातला धोका वेगळा. चढावर मोठ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर पाय दाबला की रिमॅपचा वाढीव टॉर्क थेट कनेक्टिंग रॉडवर येतो. ‘गाडी खेचते’ म्हणून चालक खूश होतो. रॉड वाकतो तो नेमका अशा वेळी.

कायद्याची बाजूही मालकाला आधी कळायला हवी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आळा घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न सांगितलेला बदल दावा अडवू शकतो, तो वेगळाच.

सर्वांत मोठा अन्याय मात्र जुनी गाडी घेणाऱ्यावर होतो. चिखली-खामगावच्या बाजारात तो रंग, टायर, किलोमीटर बघतो. रिमॅप त्याला दिसत नाही. म्हणून रिमॅप करणाऱ्याने काय आणि किती बदलले, हे बिलावर लिहून द्यावे, विकणाऱ्याने ते बिल कागदपत्रांसोबत सोपवावे, आणि एमएच-२८ च्या परिवहन कार्यालयाने नाव बदलताना तशी लेखी घोषणा मागावी.

– एक वाचक, मेहकर