नऊ एक आणि एक हातचा

उसाची वजनपावती असो, दुधाचे बिल असो की पगारपत्रक, आमच्या वारणानगर भागात आकड्यावाचून कुणाचे पान हलत नाही. तरीही दहावीचे पोर गणित म्हटले की अंग चोरते, आणि घरचीच माणसे म्हणतात, "गणित हे आपल्या पोरांचे काम नव्हे." हे वाक्य आम्हाला एका सतरा अंकी संख्येने खोडायचे आहे.

पाटीवर ११ गुणिले ११ करा. उत्तर १२१. मग १११ गुणिले १११ करा. उत्तर १२३२१. असेच वाढवत नऊ एकांपर्यंत या. १११११११११ ला तिनेच गुणले की येते १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढण, पुढे तसाच उतार. उलटी वाचली तरी संख्या तीच. सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नव्वे.

यात चमत्कार काही नाही. गुणाकार मांडताना तीच नऊ एकांची ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकते. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात नऊ, पुढे पुन्हा कमी कमी. बेरीज कुठेच नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

आता दहा एक घ्या. मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि चढण मोडते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. ज्याने नुसता नमुना पाठ केला तो इथे फसतो. ज्याला कारण कळले तो फसत नाही.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून दिले. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरी ६१७४ या संख्येचा त्यांनी लावलेला शोध आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून जगभर ओळखला जातो.

यंत्राचेही ऐका. हीच सतरा अंकी संख्या संगणकावर एक्सेलमध्ये काढली, तर शेवटचे दोन अंक शून्य होतात, कारण ते पंधराच अंक जपते. पेन्सिलीने मांडणारी आठवीतली मुलगी मात्र २१ पर्यंत अचूक पोचते.

तेव्हा मायबापहो, आज रात्री जेवणानंतर मुलामुलींना घेऊन बसा. हा गुणाकार त्यांना करू द्या, आणि हातचा कुठे आला ते त्यांनाच सांगू द्या. उद्या पगारातली कपात किंवा कर्जाचे व्याज समोर आले, की तेच पोर विचारील, "हा आकडा आला कुठून?" हा प्रश्न विचारता येणे, हेच खरे गणित.